श्रमाचा हक्क आणि कृपेचे दान

ख्रिस्ती धर्मविचारात माणसाचे कर्तृत्व आणि ईश्वराची कृपा यांचा संबंध हा फार जुना वादविषय आहे. पाचव्या शतकात पेलाजियसने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो असे प्रतिपादन केले, तेव्हा ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने तोच विरोध टोकाला नेऊन मुक्ती हे कोणत्याही पुण्यकर्माचे वेतन नसून केवळ श्रद्धेने स्वीकारायचे दान आहे, असा सिद्धान्त मांडला. कृपा या संज्ञेचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ नेमका आहे: पात्रता नसताना, हक्क नसताना मिळालेले आणि ज्याची परतफेड होऊ शकत नाही असे काही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ मैदानांत, म्हणजे मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्सस या प्रदेशांत, जी शेतकरी कुटुंबे नव्याने वसली त्यांच्यापुढे हा वाद वेगळ्या रूपात उभा राहिला. आत्म्याच्या मुक्तीबरोबरच जमीन, पीक आणि रोजची भाकरी यांना कमाई म्हणायचे की देणगी, हेही त्यांना ठरवावे लागले, आणि ते ठरवण्याची वेळ त्यांच्यावर टोळांनी आणली.

या प्रदेशाला सीमाप्रदेश म्हणतात ते दोन राष्ट्रांमधील हद्द या अर्थाने नव्हे, तर गोऱ्या वसाहतीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड या अर्थाने. ही कड सरकवणारे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केलेला होमस्टेड कायदा होय. या कायद्याने कुटुंबप्रमुखाला, किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला व नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या परदेशी माणसाला, १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कावर मागता येत असे, आणि त्या जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसली की तिचा कायमचा पट्टा त्याच्या नावे होत असे. जमिनीची किंमत पैशात न घेता घामात घ्यावी, ही कल्पना या कायद्याच्या मुळाशी आहे. तिचा तात्त्विक पूर्वज जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत; सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने असे मांडले की पृथ्वी ईश्वराने सर्वांना सामाईक दिली असली तरी माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो तेव्हा ती त्याची स्वतःची होते. बायबलच्या पहिल्याच ग्रंथात पृथ्वी आपल्या सत्तेखाली आणण्याची जी आज्ञा आहे, तिचा अर्थही याच दिशेने लावला जाई. त्यामुळे नांगर धरणाऱ्याला आपण एकाच वेळी कायद्याचे, निसर्गन्यायाचे आणि शास्त्राचे पालन करीत आहोत असे वाटणे साहजिक होते.

श्रम खरोखरच अपार होते, आणि श्रमातून हक्क येतो ही धारणा त्या कुटुंबांना उपदेशातून शिकावी लागली नाही. गवताच्या मुळांनी शतकानुशतके विणून टाकलेली ती जमीन साध्या नांगराला दाद देत नसे. पोलादी फाळाचा नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या लावून तिची पहिली नांगरट होई, आणि पहिल्या वर्षी उलटलेल्या थरात कुऱ्हाडीने खाचा पाडून त्यांत मका टोचावा लागे. झाडे नसल्यामुळे त्याच थराच्या लांब पट्ट्या कापून, त्या विटांसारख्या रचून घर उभारले जाई; त्याच्या भिंती हिवाळ्यात ऊब देत, पण पावसाळी दिवसांत छतातून चिखल गळे आणि उन्हाळ्यात त्याच छतातून साप उतरत. जळणासाठी स्त्रिया आणि मुले गवे व गुरांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या गोळा करीत, त्या संपल्या की गवताला पीळ घालून त्याच्या गाठी चुलीत सारीत. विहीर लागेपर्यंत ओढ्यावरून पाणी वाहून आणणे, लोणी काढणे, कोंबड्या सांभाळणे, कपडे शिवणे आणि धुणे ही कामे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांची होती, आणि रोख पैसा घरात येई तो पुष्कळदा लोणी व अंडी विकूनच. पट्टा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे होई. श्रमातून हक्क निर्माण होतो हे तत्त्व घराच्या उंबरठ्याच्या आत लागू केले जात नसे, हे त्या तत्त्वाच्या समर्थकांना फारसे खटकलेले दिसत नाही.

पण याच दिनक्रमात मागण्याचे आणि आभार मानण्याचे क्षणही पेरलेले होते. मक्याची भाकरी आणि खारवलेले डुकराचे मांस ताटात वाढल्यावर कोणीही हात लावण्याआधी कुटुंबप्रमुख अन्नाबद्दल ईश्वराचे आभार मानी. जे स्वतः नांगरले, पेरले, कापले, दळले आणि भाजले ते मिळाल्याबद्दल दुसऱ्याचे आभार मानण्याची ही कृती दिवसातून तीनदा घडत होती. येशूने शिकवलेली म्हणून प्रत्येक पंथात म्हटली जाणारी जी प्रार्थना, तीत रोजच्या भाकरीची विनंती आहे, आणि विनंती हक्काच्या वस्तूची करीत नाहीत. रविवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, हा या तणावाचा आणखी तीव्र अनुभव असे. गहू कापणीला आलेला, पश्चिमेला ढग दाटलेले आणि वार रविवार, अशा वेळी काय करावे? सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्र, जे प्रेस्बिटेरियन पंथाचे अधिकृत मतपत्र आहे, अनिवार्य कामे आणि दयेची कामे यांना त्या दिवशी मुभा देते; परंतु उभे पीक वाचवणे हे अनिवार्य काम की ईश्वरावरील अविश्वासाची कबुली, याचा निर्णय श्रद्धापत्रात नव्हता, तो शेताच्या बांधावर घ्यावा लागे. जो कापणी थांबवी तो आपले श्रम पुरेसे नाहीत हे कृतीने मान्य करीत असे, आणि सोमवारी उजाडताच पुन्हा त्यांच्याच भरवशावर विळा हाती घेत असे.

सुगी चांगली येई तोवर या दोन धारणा शेजारी शेजारी नांदल्या. १८७३ ते १८७७ या काळात रॉकी पर्वताच्या पायथ्याकडून आलेल्या टोळधाडींनी हा सलोखा मोडला. हा टोळ आज रॉकी माउंटन टोळ या नावाने ओळखला जातो. १८७५ मध्ये नेब्रास्कात दिसलेल्या एका थव्याचा विस्तार तेथील निरीक्षक अल्बर्ट चाइल्ड यांनी थव्याचा वेग आणि तो डोक्यावरून जाण्यास लागलेला काळ यांच्या आधारे मोजला, तेव्हा तो सुमारे १,९८,००० चौरस मैल भरला. हा आकडा अंदाजाचाच असला तरी थव्याच्या अजस्रपणाची कल्पना त्यावरून येते. टोळ पीक खाऊन निघून गेले तरी संकट संपत नसे, कारण जाण्यापूर्वी माद्या जमिनीत अंडी घालीत आणि पुढच्या वसंतात त्याच शेतातून नवी पिढी बाहेर पडून पेरलेल्या कोंबांवर तुटून पडे.  नियमाप्रमाणे नांगरणारा, पेरणारा, शब्बाथ पाळणारा आणि आळशी, दारूडा शेजारी यांच्यात टोळांनी भेद केला नाही. किंबहुना ज्याने अधिक पेरले त्याचे अधिक गेले.

नीतिमान माणसावर संकट का यावे, हा प्रश्न बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ विचारतो, आणि प्रवचनकारांपाशी त्याची उत्तरेही तयार होती. मिसरवरील आठवे संकट टोळांचेच होते, योएल संदेष्ट्याने टोळधाडीला पश्चात्तापाची हाक मानले होते. तेव्हा हीही शिक्षा किंवा परीक्षा असणार, असे पुष्कळांनी मानले. तथापि या प्रश्नाची खरी कसोटी प्रवचनात लागली नाही, ती मदतवाटपात लागली.

जानेवारी १८७६ मध्ये मिनेसोटाच्या राज्यपालपदी आलेले जॉन पिल्सबरी यांचे मत असे होते की सरकारी मदतीने शेतकऱ्याची स्वावलंबनाची सवय मोडते आणि तो परावलंबी होतो. म्हणून मदत द्यायचीच तर ती अगदी थोडी, तपासून आणि शक्यतो कामाच्या बदल्यात द्यावी. (त्यांचे कुटुंब मिनियापोलिसमधील पिठाच्या गिरण्यांच्या धंद्यात होते, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.) १८७७ मध्ये राज्याने टोळ आणि त्यांची अंडी गोळा करून आणणाऱ्यास बुशेलमागे, म्हणजे सुमारे ३५ लिटरच्या मापामागे, पैसे देण्याचा कायदा केला. त्याच वर्षी नेब्रास्काने सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक धडधाकट पुरुषाला टोळ मारण्याच्या कामावर दोन दिवस हजर राहण्याची सक्ती केली आणि न येणाऱ्यास दहा डॉलर दंड ठेवला. सर्वस्व गमावलेल्या माणसालाही काही द्यायचे ते वेतन या रूपातच द्यावे, अशी ही वृत्ती होती. पिल्सबरी व्यक्तिशः कठोर नव्हते. हिवाळ्यात ओळख न देता ते पीडित तालुक्यांत हिंडले आणि स्वतःच्या खिशातून मदत करीत गेले, असे सांगितले जाते. खासगी दया त्यांना मान्य होती, सार्वजनिक हक्क मान्य नव्हता. आणि याच राज्यपालांनी २६ एप्रिल १८७७ हा दिवस संपूर्ण राज्यासाठी उपवास आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. शासनाकडे हात पसरणे हे दुबळेपण, पण ईश्वराकडे पसरणे हे कर्तव्य, अशी ही विभागणी होती. तिच्यातील विसंगती त्या काळी फार थोड्यांना जाणवली, कारण ईश्वराचे ऋण कोणत्याही सरकारी नोंदवहीत चढत नाही आणि ते घेणाऱ्याची शेजाऱ्यापुढे मान खाली जात नाही.

मदत घेणे किती अवघड केले गेले होते, याचा एक नोंदलेला दाखला प्रसिद्ध कुटुंबाचा आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेचे वडील चार्ल्स इंगल्स १८७४ मध्ये मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्हजवळ शेती करू लागले आणि टोळांनी त्यांचे पीक नेल्यावर मजुरीसाठी ते पायी पूर्वेकडे गेले. ३० नोव्हेंबर १८७५ रोजी त्यांनी आपण पूर्णपणे निर्धन आहोत अशा आशयाच्या निवेदनावर सही केली आणि सव्वापाच डॉलर किमतीची पिठाची दोन अर्धी पिंपे मिळवली. मुलीने १९३७ मध्ये ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ ही कादंबरी लिहिली तेव्हा तीत टोळ आले, वडिलांची पायपीट आली, पण ते पीठ आले नाही. लेखिकेने काय गाळावे हा तिचा अधिकार आहे. मात्र पिठाच्या गाळण्यामुळे त्या कथेतील कुटुंब केवळ श्रम, धैर्य आणि ईश्वरी कृपा यांवर तरले असे पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना वाटत राहिले. वस्तुतः अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १८७४ पासून टोळग्रस्तांना हक्क न गमावता जमीन तात्पुरती सोडण्याची सवलत दिली होती, आणि लष्कराच्या कोठारांतील कोट, बूट व घोंगड्या नेब्रास्का आणि कॅन्ससमध्ये वाटल्या गेल्या होत्या. इतकेच नव्हे, तर होमस्टेडचा पट्टा मिळवण्याच्या शेवटच्या टप्प्यावर अर्जदाराला आपण येथे राहिलो व जमीन कसली हे सांगणारे दोन साक्षीदार हजर करावे लागत, आणि ते बहुधा शेजारीच असत. एकट्याच्या घामातून निर्माण झालेला म्हणून मिरवला जाणारा हक्क शेजाऱ्याच्या शब्दावाचून कायद्यापुढे उभाच राहत नव्हता.

मदतीने माणूस बिघडतो ही भीती त्या काळी केवळ अमेरिकी नव्हती. त्याच १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुराला दिवसाकाठी मिळणारे धान्य एक पौंडापर्यंत खाली आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामावरून निघून जाऊन विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. दोन्हीकडे तर्क एकच होता, परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते: मिनेसोटात लोक कंगाल झाले, दख्खनमध्ये ते मोठ्या संख्येने मेले.

या तर्काची आणखी एक कसोटी खुद्द मिनेसोटातच, वॉलनट ग्रोव्ह ज्या रेडवूड तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, इंगल्स यांनी पीठ घेतले त्याच्या तेरा वर्षांपूर्वी लागून गेली होती. १८५१ च्या करारांनी डकोटा लोकांनी दक्षिण मिनेसोटातील विस्तीर्ण भूमी सोडली होती आणि तिच्या बदल्यात त्यांना वार्षिक रक्कम व धान्य मिळायचे होते. १८६२ च्या उन्हाळ्यात यादवी युद्धामुळे ती रक्कम वेळेवर आली नाही. सरकारी ठाण्यांच्या कोठारांत धान्य असूनही त्यांपैकी नदीच्या खालच्या अंगाच्या, रेडवूड तालुक्यातील ठाण्यावर ते रक्कम येईपर्यंत रोखून धरले गेले, आणि उपाशी डकोटांनी ऑगस्टमध्ये शस्त्र उचलले. युद्धात शेकडो वसाहतकरी मारले गेले, २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकॅटो येथे अडतीस डकोटांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले, आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने करार रद्द करून डकोटांना राज्याबाहेर घालवले. डकोटांना हवे होते ते दान नव्हते, ती विकलेल्या जमिनीची थकलेली किंमत होती. तरीही ती देताना त्यांच्याशी भिक्षेकऱ्यासारखा व्यवहार झाला. लॉकच्या सिद्धान्तात कुंपण न घातलेली, न नांगरलेली जमीन पडीक मानली जाते, आणि शिकार, जंगली धान्य व मक्याची लहान शेते यांवर चालणारे जीवन श्रम म्हणून मोजले जात नाही. म्हणून वसाहतकऱ्याने आपल्या १६० एकरांना स्वतःची कमाई म्हणणे हा प्रामाणिकपणा असला तरी अर्धवट होता: पाच वर्षांचे श्रम त्याचे होते, पण ज्या जमिनीवर ते झाले ती त्याला दिली गेली होती, आणि देणाऱ्याने ती दुसऱ्याकडून घेतली होती. कृपेच्या धर्मशास्त्राने खरे तर याच जागी बोलायला हवे होते. न कमावलेले मिळाले आहे हे ओळखणे हा त्या शास्त्राचा गाभा. पण या भूमीसंबंधी ते शास्त्र बहुतांशी मूक राहिले.

पिकासंबंधी मात्र निरनिराळे पंथ निरनिराळ्या रीतीने बोलले. नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या लूथरपंथीयांना माणसाची पात्रता शून्य आहे हे लहानपणापासून पाठ होते. मुक्ती कमावता येत नाही असे रविवारी ऐकणारा आणि जमीन कमावता येते असे सोमवारी मानणारा शेतकरी हा या संपूर्ण प्रश्नाचा सर्वांत बोलका नमुना ठरतो. मेथडिस्ट पंथात माणसाच्या स्वतंत्र इच्छेला अधिक वाव असल्यामुळे पश्चात्ताप आणि प्रयत्न यांवर भर राहिला. स्टर्न्स तालुक्यातील जर्मन कॅथलिकांनी तिसरा मार्ग धरला. कोल्ड स्प्रिंगजवळच्या शेतकऱ्यांनी फादर लिओ विंटर यांच्या पुढाकाराने मरियामातेला नवस केला आणि १८७७ मध्ये टेकडीवर तिच्या नावाचे लाकडी प्रार्थनामंदिर बांधले. ते १८९४ मध्ये वादळात नष्ट झाले आणि १९५० नंतरच्या वर्षांत त्याच जागी दगडी मंदिर उभे राहिले, ज्याच्या दारावर मरियामातेच्या पायाशी वाकलेले दोन टोळ कोरलेले आहेत. नवसात देवाणघेवाण आहे असा आक्षेप प्रॉटेस्टंट नेहमी घेत आले; पण नवस करणारे गाव आपण मागत आहोत हे उघडपणे आणि सामुदायिकपणे कबूल करते, आणि स्वावलंबनाच्या आग्रहापायी मागण्याची लाज बाळगणाऱ्या राज्यात हा गुण कमी मोलाचा नव्हता.

१८७७ च्या उन्हाळ्यात मिनेसोटातील टोळ उडून गेले. प्रार्थनेला फळ आले असे श्रद्धावंतांनी म्हटले. चार्ल्स रायली हे कीटकशास्त्रज्ञ, जे त्या वर्षी टोळांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या संघराज्यीय आयोगाचे प्रमुख झाले, त्यांचे म्हणणे असे होते की हा टोळ उंच, कोरड्या प्रदेशाचा रहिवासी असून सखल, दमट मैदानात त्याची संतती पिढ्यान्‌पिढ्या तग धरू शकत नाही. डांबर फासलेले पत्र्याचे तसराळे घोड्याकडून शेतभर ओढून पिल्ले पकडण्याच्या उपायाचा अभ्यास झाला, आणि टोळ शिजवून खावेत असे रायली यांनी स्वतः खाऊन सुचवले. लेवीय ग्रंथात टोळ खाण्याची परवानगी आहे, बाप्तिस्मा करणारा योहानही टोळ खाई. तरी बायबलची शपथ घेणाऱ्या शेतकऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती सूचना मनावर घेतली.

पुढे घडले ते दोन्ही बाजूंच्या अपेक्षेबाहेरचे होते. हा टोळ काही दशकांतच नामशेष झाला; त्याचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ मध्ये कॅनडात मिळाले. जेफ्री लॉकवूड या अभ्यासकाची मीमांसा अशी की दोन धाडींच्या मधल्या काळात हा कीटक रॉकी पर्वतातील नदीखोऱ्यांच्या मोजक्या पट्ट्यांत आक्रसून राहत असे, आणि नेमक्या त्याच खोऱ्यांत खाणकामगारांना अन्न पुरवण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांनी नांगर, पाट आणि गुरे आणल्यामुळे त्याची अंडी घालण्याची ठिकाणेच उद्ध्वस्त झाली. ही मीमांसा मान्य केली, तर मिनेसोटाच्या शेतकऱ्याचे संकट शेकडो मैल दूरच्या अशा माणसांनी निवारले ज्यांना आपण काय करीत आहोत याची कल्पना नव्हती. कॅल्व्हिनच्या परंपरेत यासाठी दुय्यम कारणांचा सिद्धान्त आहे: ईश्वर आपले हेतू निसर्गाच्या आणि माणसांच्या साध्या व्यवहारांतून, त्यांच्या नकळतही, साधतो. श्रद्धावंताला हे उत्तर पुरते, आणि तर्काने ते खोडताही येत नाही. परंतु तोच नांगर जेथे जेथे गेला तेथे डकोटांचे आणि इतरांचे जगणेही मोडत गेले, आणि दुय्यम कारणांचा सिद्धान्त टोळांसाठी वापरणाऱ्याला तो त्यांच्यासाठीही वापरावा लागतो. तसे केले की लुबाडणूकही ईश्वरी योजनेत जाऊन बसते. न केले तर ईश्वराची योजना वसाहतकऱ्याच्या सोयीपुरतीच उरते. सीमाप्रदेशातील प्रवचनकारांनी या दोन पर्यायांपैकी एकाचीही उघड निवड केली नाही, आणि राज्यपाल पिल्सबरी यांच्या प्रार्थनादिनाच्या घोषणेतही त्या भूमीच्या आधीच्या रहिवाशांसाठी जागा नव्हती.